ती ‘पळून गेली’ असे आपण का म्हणतो?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला : ‘बी विंगमधील चोवीस तास कामाला असलेली मुलगी पळून गेली आहे, कोणाला दिसल्यास कळवावे.’ सोबत तिचा फोटो होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीत धुण्याभांड्यांच्या मावशी वर्षातून एखादे तरी घर सोडतात आणि त्यांच्याबद्दल आपण ‘मावशींनी काम सोडले’ असेच म्हणतो. परराज्यातून आलेली, घरात राहणारी मुलगी मात्र काम सोडत नाही. ती ‘पळून जाते’. हेच शब्द मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पोलीस चौकीत उच्चारले होते, म्हणून हे लिहीत आहे.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही घरकामाला माणसे पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत ओडिशातील सुंदरगड जिल्ह्यातील एक मुलगी ठेवली. राउरकेल्याहून मुंबई मेलने ती नाशिकरोडला उतरली. घरची भाषा सादरी, हिंदी कामापुरती, मराठीचा गंध नाही. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, म्हणजे बहुधा कोणीतरी अंदाजाने भरलेली. करार अकरा महिन्यांचा, पगार महिना चौदा हजार. पण तो जायचा ब्युरोच्या खात्यात, कारण ‘हातात पैसे आले की या मुली टिकत नाहीत’. तिच्या वडिलांना ब्युरोने आधीच उचल दिलेली होती आणि ती तिच्या पगारातून फिटायची होती. मूळ आधार कार्ड आमच्या कपाटात राहिले. शिवाय ‘मुलगी पळून गेल्यास पंधरा दिवसांत रिप्लेसमेंट’ असे एक कलम होते, जे आम्ही फ्रिजची वॉरंटी वाचावी तसे वाचले आणि निश्चिंत झालो.

तिला कोणी मारले नाही. जेवण आमचेच होते (आमच्यानंतर, स्वयंपाकघरात, पण तेच). तिची गादी सासूबाईंच्या पलंगाशेजारी होती आणि त्यांना रात्रीतून दोन-तीनदा उठवावे लागे, त्यामुळे तिचे काम कधी सुरू होते आणि कधी संपते हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडलाच नाही. रविवारी चर्चला जाऊ का, असे तिने दोनदा विचारले. निदान फेब्रुवारीतल्या बाळ येशूच्या यात्रेला तरी जाऊ द्या, म्हणाली. शहर तुझ्या ओळखीचे नाही, एकटी कुठे जाशील, असे मी म्हणाले. खरे सांगायचे तर मला तिची काळजी नव्हती. त्या दिवशी सासूबाईंचे कोण करील, याची होती.

सातव्या महिन्यात एका पहाटे ती निघून गेली. चौकीत जाण्याआधी मी दागिन्यांचा डबा उघडून पाहिला. काहीही गेलेले नव्हते. तिचे स्वतःचे कार्डसुद्धा कपाटातच होते.

आधुनिक गुलामगिरी म्हटले की आपल्याला आखात आठवते. तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा राहण्याचा परवानाच मालकाशी बांधलेला असतो, आणि त्याच्या संमतीशिवाय घर सोडणारी बाई कायद्याने ‘फरार’ ठरते. हे वाचून आपण हळहळतो. जून २०२४ मध्ये जिनिव्हातील न्यायालयाने भारतीय वंशाच्या एका अतिश्रीमंत कुटुंबातील चौघांना, भारतातून नेलेल्या घरकामगारांच्या शोषणाबद्दल शिक्षा सुनावली (मानवी तस्करीच्या आरोपातून ते सुटले आणि त्यांनी अपीलही केले). पासपोर्ट काढून घेणे आणि पगार भारतातल्या खात्यात रुपयांत भरणे असे आरोप त्या खटल्यात होते. ती बातमी आमच्या घरात चवीने चर्चिली गेली. आमच्या कपाटातल्या कार्डाची तेव्हाही कोणाला आठवण झाली नाही.

आपल्याकडच्या कायद्याला पासपोर्टाची गरज नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम १९७६ चा आहे. उचल घेतल्याच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे काम करण्याचे किंवा मोकळेपणाने कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य गमावले, तर ती त्या कायद्याने वेठबिगारीच ठरते. आणि उचल तशी नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी सक्तीचा अर्थ आणखी व्यापक केला : दारिद्र्यामुळे दुसरा पर्यायच न उरणे हीसुद्धा सक्ती होय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सक्तीच्या श्रमाच्या अकरा खुणा सांगते आणि काही वेळा एकही पुरेशी असते, असेही म्हणते. मी त्या आमच्या घराला लावून पाहिल्या. कागदपत्रे अडकवणे, वेतन रोखणे, बाहेर जाण्यावर बंधन, एकटे पाडणे, कर्जाचा फास, कामाचे अमर्याद तास. सहा जुळल्या.

इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि एका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले, तेव्हा याच ग्रुपवर संताप व्यक्त झाला होता. तो योग्यच होता. पण तिथे मुले ठेवून घेणारे आपल्यातले नव्हते, म्हणून तो सोपाही होता, असे मला आता वाटते.

याच कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये जिनिव्हात संमत झाला. साप्ताहिक सुट्टी आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. आपल्या राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आले, मात्र चोवीस तास घरात असलेल्या मुलीने नोंदणीसाठी बाहेर पडायचे कधी, हे कोण ठरवणार? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमायला सांगितले. तो कायदा होईल तेव्हा होईल.

सासूबाईंसाठी आता दुसऱ्या ब्युरोकडून एक बाई येतात. करारातली तीन कलमे मी बदलली : पगार त्यांच्याच खात्यात, कार्ड त्यांच्याच पिशवीत, रविवार त्यांचा. रात्रीसाठी वेगळी व्यवस्था केली. खर्च वाढला, आणि रविवारी सासूबाईंचे मी आणि यजमान करतो, तेही कुरकुरतच. ब्युरोचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, मग बाई टिकेल याची गॅरंटी आम्ही देणार नाही.’ नका देऊ, म्हटले.

बी विंगमधल्या त्या संदेशाखाली मी दोनच प्रश्न लिहिले : तिचे आधार कार्ड कोणाकडे आहे, आणि पगार कोणाच्या खात्यात जात होता? उत्तर आलेले नाही. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो मात्र ग्रुपवरून काढून टाकण्यात आला.