सासऱ्यांचा ऊस आणि माझा टर्बो

माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाआड एक स्टिकर आहे. ‘ई१० पर्यंत चालेल.’ म्हणजे पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, उसा-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. पंपावरच्या पोराला तो मुद्दाम दाखवला. त्यानं वाकून शांतपणे वाचला, ‘‘झिरो बघा साहेब’’ म्हणाला आणि ई२०, म्हणजे वीस टक्केवालं, सोडायला लागला. तो तरी दुसरं काय भरणार? या पंपाखाली तेच, पुढच्या पंपाखालीही तेच.

गाडी सेकंडहँड आहे, पण जर्मन आहे आणि टर्बो आहे. ताशी दोनशेच्या वर जाणारी ही चीज मी रोज सिंहगड रोडवर अठरानं चालवतो. तरीही बॉनेटखाली घोडे आहेत, या जाणिवेतच माणसाचं अर्धं सुख असतं. ते सुख आता गेलं. सिग्नलला पूर्वी मी गाणी ऐकायचो, हल्ली इंजिन ऐकतो. जरा कुठं ‘टक्’ झालं की सील गेलं, नळी फुगली, इंजेक्टर तुंबला, अशी सगळी दुखणी एका दमात डोळ्यांसमोरून जातात. त्यात पावसाळा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं हातात हात घालून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि गाडीतला पंप नेमका तळातूनच ओढतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की बायको वाळत घातलेले कपडे काढायला धावते आणि मी टाकी फुल करायला. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरायला जास्त जागा!

ॲव्हरेजचं दुखणं वेगळंच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई१० साठी जुळवलेल्या गाड्यांचं मायलेज ई२० वर सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. बिल मात्र पूर्ण लिटरचं.

गंमत म्हणजे वेगाच्या दुनियेत इथेनॉलला मोठा मान. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद, शंभराच्या वर, शिवाय सिलिंडरमध्ये जाताना हवा गार करतं; टर्बोला आणखी काय हवं? अमेरिकेत इंडीकार शर्यतीच्या गाड्या २००७ मध्ये निव्वळ इथेनॉलवर पळाल्या. तिकडचे शौकीन ८५ टक्क्यांचं मिश्रण शोधत हिंडतात. पण ते आधी मोठे इंजेक्टर बसवतात, कॉम्प्युटरला नवं गणित शिकवतात. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं हवेचे चौदा-पंधरा भाग लागतात, इथेनॉलला नऊच. आमच्याकडे गाडीला न विचारताच पंगतीला बसवलं.

शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉल नसतं असं पंपवाले छातीठोकपणे सांगतात. लिटरला दीडशेच्या वर. ते भरलं की गाडी खूश आणि घरात एकादशी.

एवढं सोसूनही तोंड उघडायची सोय नाही, कारण सासुरवाडी कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात आहे. सासऱ्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्याची इथेनॉल काढणारी डिस्टिलरी आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं २०३० चं लक्ष्य सरकारनं २०२५ वर आणलं तेव्हा मामांनी पेढे वाटले होते. कारखान्याकडं पैसा आला की उसाचं बिल वेळेवर निघतं, हा त्यांचा साधा हिशोब. आणि तो खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण आमच्या दिवाळसणाची अंगठी त्याच बिलातून आली होती. आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळातून येतं, असं मी एकदा चाचरत सांगून पाहिलं. ‘‘जेवताना मक्याचं नाव काढायचं न्हाई,’’ म्हणाले.

परवा मात्र धीर करून म्हटलं, ‘‘मामा, गाडी बाराचं ॲव्हरेज द्यायची, आता अकराच्या वर जात नाही.’’

मामांनी पानाला चुना लावला, थोडा वेळ मनात हिशोब केला आणि खुलले.

‘‘म्हंजी जास्ती पितीया म्हणा की! मग जावईबापू, पुढल्या खेपंला रत्नागिरीवरनं या.’’