मॉम, एक मिनिट!

रूट कॅनल ही अमेरिकेत खिशाची परीक्षा असते, हे मी ऐकून होते. बॉस्टनमध्ये ती श्रद्धेचीही निघाली. माझा दातांचा डॉक्टर बसतो तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर स्त्रियांचा दवाखाना आहे आणि तिथे इतर तपासण्यांबरोबर गर्भपातही होतात. इमारतीला दार एकच. आत शिरणारी बाई कुठल्या मजल्यावर चाललीय हे फुटपाथवरच्या गर्भपातविरोधी मंडळींना कळायला मार्ग नाही, म्हणून ते सरसकट सगळ्यांनाच वाचवायला घेतात.

त्यातून माझा अवतार असा: एका बाजूचा गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी, एक हात गालाला, चाल दीनवाणी. पोटही आहे, पण ते फराळाचं आहे आणि बऱ्याच दिवाळ्यांचं आहे. केसांना कलप. कलपाचे पैसे त्या दिवशी वसूल झाले, कारण पन्नाशी उलटलेल्या मला पाहून एक आजी झपझप पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॉम, एक मिनिट! तुम्ही आधीच आई झाला आहात."

हे खरंच होतं. मला दोन मुलं आहेत. थोरला सत्तावीस वर्षांचा असून आमच्या तळघरात राहतो. पण दाढ ठणकत असताना हे कोण सांगत बसणार? आजींनी अदबीने कागद पुढे केला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. आपल्या हातांना नाही म्हणायचं वळणच नाही. कागद पायाखाली येऊ द्यायचा नाही हेही लहानपणापासूनचं, त्यामुळे पर्समध्ये आता हप्त्यांची पावती आणि बायबलमधल्या यिर्मयाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन शेजारी शेजारी नांदतात. ‘मी तुला गर्भात घडवण्याआधीच ओळखत होतो’ अशा अर्थाचं ते वचन. जवळपास प्रत्येक पत्रकावर असतं.

लांबून ही मंडळी एकाच पक्षाची वाटतात. तसं नाही. जपमाळवाले कॅथलिक वेगळे. ते ग्वादालुपेच्या मरियामातेची तसबीर धरून भिंतीकडेला पुटपुटत उभे असतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. कर्णेवाला वेगळा. तो इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणारा प्रोटेस्टंट. नरकाचा भूगोल त्याला तोंडपाठ आहे आणि तो रहदारीला ऐकवतो. त्याने कर्णा उचलला की जपमाळवाल्यांच्या माना किंचित खाली जातात आणि माळ जरा जोरात फिरते. आजी तिसऱ्या प्रकारच्या. त्यांच्या कोटावर दहा आठवड्यांच्या गर्भाच्या पावलांच्या मापाची इवलीशी सोनेरी पिन. फुटपाथवर बायकांना गाठून मन वळवणाऱ्या अशांना इथे ‘साइडवॉक काउन्सेलर’ म्हणतात. आणि या सगळ्यांपासून वाचवायला दवाखान्याचे भडक जाकिटं घातलेले स्वयंसेवक. तेही मला धीर देतात. "तुमचा निर्णय तुमचाच आहे," असं एकीने मला सांगितलं. दाढ वाचवायची की काढायची हा निर्णय विमा कंपनीचा होता, पण तिला कशाला दुखवा.

माझी दाढ बिघडली तीही नेमकी सप्टेंबरअखेर. ‘फॉर्टी डेज फॉर लाइफ’ नावाची एक मोहीम आहे, २००४ साली टेक्सासमध्ये सुरू झालेली. वर्षातून दोनदा, ईस्टरआधीच्या लेंटच्या म्हणजे उपवासाच्या दिवसांत आणि शरद ऋतूत, चाळीस चाळीस दिवस हे लोक दवाखान्यांसमोर प्रार्थनेला उभे राहतात. आपला चातुर्मास चार महिन्यांचा, पण कुणी दुसऱ्याच्या दारात उभं राहून "वांगं खाऊ नका" म्हणत नाही.

या फुटपाथांना इतिहासही आहे. २००७ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की अशा दवाखान्यांच्या दारापासून ३५ फुटांत कुणी रेंगाळायचं नाही. एलिनर मॅककलन नावाच्या वयस्कर बाईंनी हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात नेलं. म्हणणं एवढंच की मी ओरडत नाही, मला शांतपणे बोलायचं असतं, आणि पस्तीस फुटांवरून शांतपणे बोलता येत नाही. २६ जून २०१४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच दाढेत कळ येते. मात्र त्याच न्यायालयाच्या दारापुढच्या ऐसपैस चौकात निदर्शनांना बंदी आहे. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा रो निकाल मोडीत काढला. ज्या राज्यांत बंदी आली तिथे दवाखान्यासमोर उभं राहायला दवाखानाच उरला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भपात कायदेशीर राहिला, त्यामुळे आमचा फुटपाथ अजून चालू आहे.

खरी पंचाईत बाहेर पडताना झाली. भूल दिलेलं अर्धं तोंड माझं राहिलेलं नव्हतं. आजी सामोऱ्या आल्या, चेहरा पार पडलेला, की मी तर आता ‘करून’ आले. खुलासा करावा म्हणून मी गालाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "टूथ." बाहेर पडलं नुसतं "टू". आजी थांबल्या. मी दोन बोटं गालावर ठेवून पुन्हा जोर लावला, "टू! टू!"

"ट्विन्स?" आजींचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही परत आलात!"

मी मान हलवली ती नाही म्हणायला. आपली नाही म्हणायची मान अमेरिकनांना काय वाटते कोण जाणे. जपमाळवाले पुढे सरकले, कर्णेवाल्याने पहिल्यांदाच कर्णा खाली ठेवला, आणि माझ्या दोन्ही बाळांसाठी प्रार्थना सुरू झाली. माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. त्यांना ते अश्रूंचंच काहीतरी वाटलं असावं.

रात्री मावशीला फोन केला. ती साताऱ्याकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या काळातली. हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली, "आम्हीही कागद वाटलेत गं. दोन किंवा तीन पुरेत म्हणून. बाया आम्हाला पाहून शेतात पळायच्या." आपला गर्भपाताचा कायदा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून आला आणि १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. रो निकाल २२ जानेवारी १९७३ चा. "म्हणजे आपण नऊ महिने तीन आठवडे आधी," मावशी म्हणाली. तिला आठवडे मोजायची सवयच आहे. आम्ही डोंबिवलीच्या लोकलमध्ये वाढलो. या विषयावरचं आमचं सगळं वाङ्मय म्हणजे डब्यात चिकटवलेली जाहिरात. ती वाचताना सगळ्या खिडकीबाहेर बघायच्या.

"पण फुकट सोनोग्राफी? गाडीत?" मावशीला तेच पटेना. कोपऱ्यावर खरंच मोहिमेची व्हॅन उभी असते, आत यंत्र. मुलगा की मुलगी ते विचारलं तर सांगायला इथे आडकाठी नाही. आपल्याकडे दवाखान्यात ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ची पाटी आणि प्रत्येक तपासणीला गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याचा फॉर्म एफ. असं यंत्र गाडीत घालून फिरवलं तर गाडी, यंत्र आणि डॉक्टर, तिघांनाही सील लागेल. मावशीने मला एकच काम सांगितलं: "डायपर किती महिने देतात ते विचार."

पुढच्या खेपेला विचारलं. आजींनी मनापासून उत्तर द्यायला वही काढली. डायपर, कपडे, पाळणा. पगारी रजेचं विचारलं तर त्यांनी पान उलटलं. देशभर लागू असा पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा अमेरिकेत नाहीच, मग पानावर तरी कुठून असणार? तेवढ्यात जाकिटवाली मला सोडवायला आली. दोघी माझ्याबद्दल अतिशय सभ्यपणे भांडू लागल्या आणि मी दहा मिनिटं उशिरा वर पोचले.

खुर्चीत बसले. असिस्टंटने एक्स-रेसाठी जड एप्रन अंगावर टाकला, तक्ता उघडला आणि नेमाने विचारलं, "गरोदर असण्याची काही शक्यता?"

"ते खालीच ठरलंय," मी म्हणाले. "जुळी आहेत."