दिवेआगरला भेटलेलं बदक

वेगळे पेट्स पाळणाऱ्यांवरचा लेख आवडला, इग्वानाचे फोटो तर एकदम भारी! पण यात बदक कसं काय नाही? मागच्या हिवाळ्यात आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटातून दिवेआगरला गेलो होतो, तिथे बीचवर कोथरूडच्याच एक काकू चक्क पट्टा बांधलेलं पांढरंशुभ्र बदक फिरवत होत्या. त्याचं नाव सोन्या. लाट आली की सोन्या पंख फडफडवत मागे पळणार आणि लाट परत गेली की तुरुतुरु तिच्या मागे, आणि मधेच वाळूतला खेकडा दिसला की सगळं सोडून त्याच्या मागे! खेकडा बिळात गडप, आणि हा चोच आत खुपसून बसलेला, काकू ओढतायत, "सोन्या, चल रे बाळा, पुरे आता", पण तो ढिम्म. घोडागाडीत बसायला रडणारी पोरं सगळी इकडे जमली, हसून हसून पोट दुखलं आमचं.

काकू मात्र काळजी घेत होत्या हां, खारं पाणी पिऊ नये म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगं सोबत, नंतर आंघोळही घातली. मग सोन्याने शेपटीच्या मुळाशी चोच घासून तिथलं तेल एकेका पिसाला लावलं, त्यानेच पिसं भिजत नाहीत म्हणे.

एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती, आपला हिरवा पोपट किंवा स्टार कासव घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लोक सर्रास पाळतात, प्लीज ते अॅड करा.