वेलस्लीच्या घरी कोण होते?

आज सकाळी जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा ‘केवळ स्वकर्तृत्वाने मोठा झालेला सेनापती’ असल्याचा संदेश आला आणि त्यावर वाहवा सुरू झाली. माझा संताप झाला. अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या घरात १७६९ साली जन्मलेला हा माणूस २४ व्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, तो थोरला भाऊ रिचर्ड याच्या पैशांवर; त्या काळी इंग्रजी पायदळातले हुद्दे विकत मिळत. पुढे १७९८ मध्ये हाच रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. दुसऱ्याच वर्षी टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली, तेव्हा हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या जनरल बेअर्डला डावलून शहराचा ताबा आर्थरला मिळाला. आपल्यासारख्यांना यावर अधिक काय सांगायचे?

काही वर्षांपूर्वी मी जालना जिल्ह्यातल्या असई गावी गेलो होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तेथे जी लढाई झाली, तिची हकिगत पारावर सांगत असताना एका आजींनी मला अडवले. “त्या साहेबाच्या घरी कोण कोण व्हतं?” मी रिचर्डचे नाव घेतले. “भाऊ नव्हं, बायको-लेकरं इचारते.”

समोरासमोरची दोन गावे पाहून केळणा नदीला तेथे उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, असणारच, हे वेलस्लीने अचूक ताडले, एवढे त्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण आजींना त्यात रस नव्हता. म्हणून मी त्याची बायको किटी पॅकेनहॅम हिची गोष्ट सांगितली. आर्थरने तिला मागणी घातली, तेव्हा या कर्जबाजारी धाकट्या मुलाला तिच्या घरच्यांनी १७९३ मध्ये नकार दिला. तो नाव कमावून परतला आणि १८०६ मध्ये, मधल्या काळात तिला एकदाही न पाहता, त्याने तिच्याशी लग्न केले. दोन मुलगे झाले, पण संसार जुळला नाही, आणि १८३१ मध्ये ती वारली. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिचं कुनी ऐकलं का न्हाई?” सकाळच्या त्या लांबलचक संदेशात किटीला एक ओळही मिळालेली नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला, तो सलाबत खानामुळे. १८०० मध्ये इंग्रजांशी लढणारा बंडखोर धोंडजी वाघ मारला गेल्यावर त्याच्या सामानात सापडलेल्या त्याच्या या लहानग्या मुलाला वेलस्लीने आश्रय दिला आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवले. शत्रूच्या पोराला जवळ करणाऱ्या या माणसाविषयी मला खरोखर आपुलकी वाटते. आणि म्हणूनच, त्याने स्वतःच्या बायकोला आयुष्यभर दूर ठेवले याची चीड अधिकच येते.