खालच्या कप्प्यात सामान ठेवू

सिक्लिड, म्हणजे भांडखोर शोभेचे मासे, पाळायचे म्हणणाऱ्याला मी आधी माशांबद्दल विचारतच नाही. घर स्वतःचं की भाड्याचं, ते विचारतो. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं. शिवाय १० एमएम काच, चाळीसेक किलो दगड, पंचवीस किलो वाळू. म्हणजे पाच धडधाकट पाहुणे हॉलच्या एका कोपऱ्यात कायमचे उभे, आणि 'बसा' म्हणायची सोय नाही. त्यांना स्लॅबच्या मधोमध उभं करू नये. कॉलमजवळ, भिंतीला लागून करावं. स्टँड गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने तपासावा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी. तिरप्या स्टँडवर काचेला पीळ बसतो आणि जोड सुटतो. सुटतो तो रात्री दोनलाच.

स्टँड बनवून घेताना खाली एक मजबूत कप्पा ठेवावा. घरच्यांना सांगावं, सामान ठेवायला.

सिक्लिडांतला मासा म्हणून मी येलो लॅबच सुचवतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा हा पिवळाधमक रहिवासी त्याच्या भाऊबंदांच्या मानाने सभ्य. सभ्य म्हणजे दुसऱ्याला मारतो, पण जीव सहसा घेत नाही. तरी उकरायची खोड आहेच. म्हणून आधी दगड तळाच्या काचेवर नीट बसवायचे, मग वाळू ओतायची. वाळूवर दगड रचले तर मासे खालून वाळू उपसतात आणि गुहा कोसळते. काळा पाषाण खुशाल वापरा, तो पाण्यात काही सोडत नाही.

पाण्याचं मात्र बघावं लागतं. मुंबई-पुण्याला नळाला येणारं धरणाचं पाणी मऊ, आणि या मंडळींना हवं कठीण, पीएच ७.८ ते ८.५. त्यासाठी जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा भरून फिल्टरमध्ये ठेवायचा. बोअरचं पाणी असेल तर आधी पाणी तपासायचं किट आणून मोजा. सोसायटी ज्या पाण्याला वर्षभर शिव्या घालते, ते माशांना नेमकं आवडायचं.

खरा छळ पुढे आहे. टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, दिवे लागले, आणि चार ते सहा आठवडे आत एकही मासा सोडायचा नाही. रोज चिमूटभर खाद्य तेवढं टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पीएच जास्त असला की अमोनिया अधिकच विषारी होतो, त्यामुळे इथे घाई करणाऱ्याचे मासे आठवड्यात उताणे. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढून पुन्हा शून्य दिसेपर्यंत घरी आलेल्या प्रत्येकाला 'मासे कुठायत?'चं उत्तर द्यावं लागतं. 'जिवाणू वाढवतोय' हे उत्तर सासुरवाडीला देऊ नये.

मग दहा-बारा पिल्लं एकदम आणायची. दोन आणली तर एकाला रोज मार बसतो. गर्दीत तोच मार बाराजणांत वाटला जातो. सरकारी कचेरीत तक्रार दहा टेबलं फिरून बोथट होते, तसं. मोठी झाल्यावर एका नरामागे तीन-चार माद्या ठेवायच्या. उरलेले नर, आणि फाटक्या शेपटीची मंडळी, यांना वेगळी टाकी लागते. ही दुसरी.

तिसरी विणीची. मादी अंडी तोंडात धरते. गळा फुगतो, ती चावल्यासारखं करते आणि खाद्याकडे पाठ फिरवते. हा उपवास तीन आठवडे चालतो. मोठ्या टाकीत तिने पिल्लं सोडली तर बाकीच्यांची मेजवानी. म्हणून पंधरा-सोळा दिवसांनी, रात्री दिवे मालवून, तिला २ बाय १ बाय १ फुटाच्या टाकीत हलवायचं. दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर घाबरून ती अंडीच थुंकते. या टाकीतला स्पंज फिल्टर महिनाभर आधी मोठ्या टाकीत चालवलेला हवा, म्हणजे जिवाणू त्यात आधीच वस्तीला असतात. टाकी कुठे ठेवायची? खालच्या कप्प्यात. सामानाचं काय, हा प्रश्न अपेक्षित आहे.

पिल्लं सुटली की मादीला तीन-चार दिवस खाऊ घालून परत पाठवायचं. पिल्लांना दिवसातून तीनदा ताजा ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) किंवा चुरलेले फ्लेक, तेही थोडेच. मोठ्यांना स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाद्य. ब्लडवर्मचे, म्हणजे लाल अळ्यांचे, लाड केले की पोटं फुगतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवून. अडीचशेचा पाव म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या, आणि कंबर आपली.

एका वेळची दहा ते वीस पिल्लं, माद्या चार. पहिली खेप मित्र हौसेने नेतात, दुसरी दुकानदार खाद्याच्या बदल्यात घेतो. त्यालाही शुद्ध येलो लॅबच हवेत. सोबत रेड झेब्रा हा मलावीचाच दुसरा सिक्लिड ठेवून संकर केला असेल तर तो पिशवीकडे बघतही नाही. चौथ्या खेपेनंतर वाढदिवसाची आमंत्रणं कमी होतात. आपण भेट म्हणून काय आणणार, हे आता सगळ्यांना माहीत झालेलं असतं.