कडीत टाइट बसला म्हणजे बुश बरोबर, हे कोणी सांगितलं?

जुन्या बाईकवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. मागच्या शॉकअपला बुश (शॉकअपच्या टोकाच्या गोल कडीत बसतो तो रबरी तुकडा) कुठलाही चालतो म्हणे, कडीत टाइट बसला की झालं, ग्रीस लावून ठोका, नट कचकचून आवळा, आणि परत कटकट नको असेल तर पॉलियुरेथेनचा टाका. वाचायला झकास आहे, पण गाडीची वाट लावणारं आहे.

पहिलं म्हणजे टाइट बसण्याचं. बाहेरून बसला ते ठीक, पण रबराच्या आतल्या स्टीलच्या स्लीव्हचं, म्हणजे नळीचं काय? १९५०-६० च्या ब्रिटिश गाड्यांना इंची माप, त्यातला ३/८ इंचाचा स्टड (ज्यावर शॉकअप अडकवतात तो दांडा) म्हणजे ९.५ एमएम, त्यावर १० एमएमची स्लीव्ह सरकते मस्त, हाताने जाते म्हणून माणूस खूश होतो, आणि तो अर्धा एमएम मग प्रत्येक खड्ड्यात टक टक करत स्टड खात बसतो. स्टड फ्रेमला वेल्ड केलेला असेल तर बुशचं काम वेल्डिंगवर जातं. वरचा आणि खालचा बुश सेम असेलच असंही नाही, दोन्ही व्हर्नियरने मोजा.

आता नट कचकचून आवळायचा भाग, इथे तर मी स्वतः फसलोय. स्लीव्ह कडीच्या रुंदीपेक्षा थोडी लांब असते ती उगाच नाही, नट आवळला की वॉशर स्लीव्हवर टेकतो, स्लीव्ह जागेवर घट्ट राहते आणि चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) वरखाली होताना फक्त रबर पिळतं. माझ्या नव्या बुशची स्लीव्ह दीडेक एमएम आखूड होती. नट आवळला तसा वॉशर थेट कडीच्या लोखंडावर बसला आणि गाडी मागून लाकडासारखी झाली. मी आठवडाभर शॉकअपला शिव्या घातल्या, शेवटी खोलल्यावर कडीच्या तोंडावर वॉशरने घासलेला चकचकीत गोल दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. असली स्लीव्ह असेल तर नट जितका आवळाल तितकं जास्त जाम होणार.

ग्रीस? साधं पेट्रोलियम ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं आणि मऊ करतं. साबणाचं पाणी पुरतं, नाहीतर सिलिकॉन ग्रीस. आणि ठोकायचं कशाला, व्हाइसमध्ये सॉकेट लावून सरळ दाबा, हातोडीने तिरका गेला की रबराची कड कापली जाते. (जुना बुश काढायला कडी गॅसवर तापवणारे पण आहेत, आत तेल भरलेला शॉकअप आहे बाबांनो.)

पॉलियुरेथेन वाईट नाही, पण कडक असतं, व्हायब्रेशन फ्रेमला जास्त पोचवतं आणि वरखालचे स्टड जरा जरी लाइनमध्ये नसले, जे जुन्या फ्रेममध्ये असतंच, तर रबर जेवढं सांभाळून घेतं तेवढं ते घेत नाही.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते म्हणजे शेवटचा आवळा कधी मारायचा. स्टँडवर मागचं चाक लटकत असताना नाही. रबर स्लीव्हला चिकटवलेलं असेल तर गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी करा, कोणाला तरी सीटवर बसवा, आणि मग नट आवळा.