परप्रांतीय मजूर आपले रेशन खात नाहीत

जळगावच्या डाळ मिलमध्ये आणि चटईच्या कारखान्यांत राबणारे उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर गावी एकदा व इथे एकदा असे दोनदा रेशन उचलतात, त्यामुळे आपल्या लोकांची कार्डे बंद होतात, म्हणून दुकानदारांनी बाहेरच्या कार्डावर धान्य देऊच नये, असा संदेश सध्या फिरतो आहे. काल तो वहिनींनी घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला जमले नाही.

दोनदा उचलण्याचा आरोप धादांत खोटा आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत एकच कार्ड देशभरातल्या रेशन दुकानांत चालते, आणि अंगठा लावला की दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर कार्डावरचे शिल्लक धान्य दिसते. रेशनच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो, म्हणजे चौघांचे 20 किलो. त्यातले 10 किलो जळगावात उचलले, तर गावी बायकोला उरलेले 10 किलोच मिळतात. खरी अडचण वेगळीच आहे. पोती वाहून रेषा झिजलेला अंगठा सदऱ्याला पुसून चार वेळा टेकवला तरी यंत्र तो घेत नाही, आणि ‘अंगठा लागत नाही, उद्या या’ एवढे ऐकून, दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन परततो, हे मी आमच्या गल्लीतल्या दुकानात उभा राहून पाहिले आहे.

कार्डे बंद होतात ती ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) राहिल्यामुळे किंवा अपात्र ठरल्यामुळे. महाराष्ट्राची सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरलेली आहे. बिहारचा मजूर त्यात नसून बिहारच्या मर्यादेत मोजलेला असतो.

दुकानाचा कोटा तिथल्या नोंदलेल्या कार्डांवरून ठरत असल्याने बाहेरचे ग्राहक वाढले की महिनाअखेरीस धान्य अपुरे पडू शकते, एवढे मान्य करावे लागेल. पण त्यावर पुरवठा विभागाकडे वाढीव कोटा मागावा. भुकेल्याला परत पाठवण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांनी 31 जुलै 2021 पर्यंत लागू करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2021 रोजी स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणातच दिला होता.

या योजनेच्या पहिल्या जोड्यांपैकी एक, ऑगस्ट 2019 मध्ये, महाराष्ट्र आणि गुजरात यांची होती. नंदुरबार-धुळ्याची माणसे ऊसतोडीला, बांधकामाला आणि लूमवर गुजरातेत जातात. वहिनींचा सख्खा भाऊ सुरतेत उधन्याला राहतो, आणि त्याचे धुळ्याचे कार्ड तिथल्या दुकानात चालते.